लिस्बन ते दिल्ली : गोव्याच्या दोन जागांची दोनशे वर्षे

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी गोव्याच्या वाट्याला दोन येतात. उत्तर प्रदेशाच्या ८०, महाराष्ट्राच्या ४८, शेजारच्या कर्नाटकाच्या २८; त्यात या दोन जागांचा आकडा कोणत्याही वृत्तवाहिनीच्या पडद्यावर नजर ठरण्याआधीच सरकून जातो. राज्यसभेत तर एकच जागा. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४,५८,५४५. एवढ्याशा मुलखाचे दिल्लीत कोण ऐकणार, असे गोव्यातही सहज बोलले जाते.

पण दूरच्या राजधानीतल्या संसदेत आपला माणूस निवडून पाठवण्याची सवय या मुलखाला दोनशे वर्षांपासून आहे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात पोहोचले, तेही लंडनमधल्या मतदारांच्या मतांवर. त्याच्या सत्तर वर्षे आधी, जानेवारी १८२२ मध्ये, गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी स्वतःचे प्रतिनिधी निवडले होते. लिस्बनपासून दिल्लीपर्यंतचा हा प्रवास नीट पाहिला तर एक गोष्ट लख्ख दिसते. गोव्याला त्याच्या डोक्यांच्या संख्येने कधीच काही मिळवून दिले नाही. जे मिळाले ते कायद्यात लिहून घेतलेल्या हक्कामुळे आणि तो हक्क वापरणाऱ्या माणसांमुळे. जागांच्या फेरवाटपाची चर्चा देशभर तापलेली असताना या इतिहासाची उजळणी म्हणूनच गरजेची आहे.

लिस्बनच्या वाटेवर

पोर्तुगालमध्ये १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली आणि नव्या संसदेत समुद्रापारच्या प्रांतांनाही जागा मिळाल्या. गोव्यातून तिघे निवडले गेले : बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा, कोन्स्तान्सियु रोक द कोश्ता आणि आंतोनियु जुझे द लिमा लैतांव. पहिले दोघे गोमंतकीय, तिसरे पोर्तुगालहून आलेले डॉक्टर. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून लिस्बन गाठायचे म्हणजे कित्येक महिन्यांचा प्रवास. त्यात १८२३ मध्ये राजसत्तेने उचल खाल्ली आणि ज्या संसदेसाठी ही निवडणूक झाली होती तीच संपुष्टात आली.

पेरिश द सिल्व्हा हे तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. उदारमतवादी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांना थेट गोव्याचा कारभार सोपवण्यात आला. जानेवारी १८३५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात गोव्याच्या सर्वोच्च पदावर बसलेला हा एकमेव गोमंतकीय. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना ते सहन झाले नाही. तीन आठवड्यांच्या आत बंड करून त्यांना हटवण्यात आले आणि त्यांना मुंबईचा आश्रय घ्यावा लागला. पुढे ते पुन्हा गोव्याचे प्रतिनिधी म्हणून लिस्बनला गेले. संसदेत बसू दिलेल्या माणसाला घरच्या गादीवर मात्र बसू द्यायचे नाही, हा साम्राज्याचा खरा हिशोब त्या बंडाने उघड केला.

या परंपरेतले सर्वांत तेजस्वी नाव फ्रान्सिश्कु लुईश गोम्स यांचे. १८२९ मध्ये सासष्टीतल्या नावेलीत जन्म, शिक्षणाने डॉक्टर, व्यासंगाने अर्थशास्त्रज्ञ. १८६१ मध्ये ते लिस्बनच्या सभागृहात गेले आणि पहिल्याच दिवसांत त्यांना आपल्या जागेचा बचाव करायला उभे राहावे लागले. समुद्रापारच्या प्रांतांना संसदेत प्रतिनिधित्व कशाला, असा सूर तिथे निघाला होता. बत्तिशीही न गाठलेल्या या तरुणाने दिलेल्या उत्तराने सभागृहात त्यांचा दबदबा निर्माण झाला. १८६६ मध्ये त्यांची ‘ऊश ब्राह्मनेश’ ही कादंबरी आली. १८५७ च्या उठावाच्या काळातल्या उत्तर हिंदुस्थानात घडणारी ही कथा वसाहतवादाला आणि जातिभेदाला एकाच वेळी जाब विचारते. १८६९ मध्ये आजारी अवस्थेत गोव्याकडे परतताना जहाजावरच, चाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

हे सारे सांगताना त्या प्रतिनिधित्वाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मताचा हक्क मूठभरांना होता. निवडून जाणारे बहुतेक जण सुखवस्तू, उच्चवर्णीय ख्रिस्ती घराण्यांतले. पेडणे, सत्तरी, डिचोली, काणकोण या पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादींमधला कष्टकरी हिंदू समाज, गावडा-कुणबी समाज या व्यवहारात कुठेच नव्हता. लिस्बनमधली जागा गोव्याची होती, पण अख्ख्या गोव्याची नव्हती.

आवाज बंद झाला तो काळ

पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझार सत्तेच्या केंद्रस्थानी आला आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याचे उरलेसुरले हक्क आवळले गेले. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी ठराव मांडून पोर्तुगीज हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा हक्क ठणकावून सांगितला. १९४५ ते १९४९ या काळात बाणावलीचे जगप्रसिद्ध सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानु द मेलु लिस्बनच्या राष्ट्रसभेत गोव्याचे प्रतिनिधी होते. हुकूमशाहीच्या छायेतही त्यांनी गोमंतकीयांना मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीवर बोट ठेवले. अखेर ते ब्राझीलला निघून गेले. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा गोव्याचे खरे मत संसदेबाहेर, रस्त्यावर व्यक्त होऊ लागले होते.

याच काळात दिल्लीच्या संसदेत गोव्याचा एकही सदस्य नव्हता, तरी गोव्यासाठी बोलणारे होते. पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरचे खासदार त्रिदिब चौधुरी १९५५ च्या सत्याग्रहात गोव्यात शिरले आणि खासदार असतानाच पोर्तुगीज तुरुंगात पडले. मधू लिमये यांनी दीड वर्षाहून अधिक काळ गोव्याच्या कोठडीत काढला. १९५७ मध्ये राजापूरमधून लोकसभेत गेलेल्या बॅ. नाथ पै यांनी गोवामुक्तीचा प्रश्न तिथे सातत्याने धगधगत ठेवला. वेंगुर्ल्याच्या या माणसाला गोवा परका नव्हताच. कोकणच्या मतदारांनी दिल्लीला पाठवलेला आवाज गोव्याच्याही कामी आला, हे ऋण आजही मोकळेपणाने मान्य करावे असे आहे.

नेमणुकीपासून निवडणुकीपर्यंत

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. निवडणुकीची घडी बसायला वेळ लागणार होता, म्हणून १९६२ मध्ये लोकसभेवर दोघांची नेमणूक झाली : डॉ. पुंडलीक गायतोंडे आणि डॉ. आंतोनियो कुलासो. गायतोंडे हे मूळचे काणकोणमधल्या पाळोळ्याचे शल्यचिकित्सक. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशातल्या एका मेजवानीत गोवा हा पोर्तुगालच आहे अशा आशयाचे भाषण सुरू होताच त्यांनी भर पंगतीत निषेध नोंदवला. त्या एका उद्गारासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले. त्यांची नेमणूक सन्मानाची होती, यात शंका नाही. पण ती नेमणूक होती. त्यामागे गोव्याचे मत नव्हते.

ते मत डिसेंबर १९६३ मध्ये पडले. विधानसभा आणि लोकसभेसाठी गोव्यातली ही प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या मुंडकाराला आणि कुळाला त्या दिवशी भाटकाराइतकेच एक मत मिळाले. दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) सत्ता मिळवली. लोकसभेच्या दोन जागा होत्या, पणजी आणि मुरगाव. मगो आणि प्रजा समाजवादी यांच्या समझोत्यावर पणजीतून पीटर आल्वारिस निवडून आले, मुरगावातून मगोचे मुकुंद शिंक्रे. आल्वारिस हे नॅशनल काँग्रेस (गोवा) या मुक्तिलढ्यातल्या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले आणि रेल्वे कामगारांचे नेते. हिंदू बहुजनांच्या लाटेवर एक ख्रिस्ती समाजवादी पणजीतून दिल्लीला गेला, ही गोष्ट गोव्याच्या राजकारणावर धर्माचा शिक्का मारणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

दरम्यान, लिस्बनने एक अजब हट्ट चालू ठेवला होता. गोवा हातचा गेल्यावरही पोर्तुगालच्या राष्ट्रसभेत गोव्याचे प्रतिनिधित्व कागदोपत्री १९७४ च्या क्रांतीपर्यंत कायम राहिले. म्हणजे सुमारे बारा वर्षे गोव्याच्या नावाने दोन देशांच्या संसदांत जागा होत्या. एकीमागे जनता होती, दुसरीमागे कोणीच नव्हते. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारानंतर पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

कायदा संसदेचा, कौल गोव्याचा

गोव्याच्या संसदीय इतिहासातला सर्वांत निर्णायक प्रसंग १९६६ च्या डिसेंबरमधला आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असा ठराव गोवा विधानसभेने १९६५ मध्ये केला होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी वेगळी होती : लोकांना थेट विचारा. घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. तिने साध्या बहुमताने विलीनीकरण केले असते तरी ते घटनेत बसले असते. गोव्याच्या तेव्हाच्या दोन्ही जागा मगोच्या बाजूच्या होत्या, म्हणजे विलीनीकरणाला अनुकूल. खासदारांच्या संख्येवर प्रश्न सोपवला असता तर गोव्याचे वेगळेपण तिथेच संपले असते.

संसदेने तसे केले नाही. तिने जनमत कौलाचा कायदा मंजूर केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. शेजारच्या राज्यात सामील व्हायचे की नाही, हे असे थेट विचारून ठरवण्याचा स्वतंत्र भारतातला हा एकमेव प्रसंग. मराठी मनाला हा निकाल दीर्घकाळ सलला. फुलाच्या बाजूने उभे राहिलेल्यांची मराठीवरची माया खरी होती, आणि दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांची गोव्यावरची मायाही तितकीच खरी होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न वेगळा तर उत्तर वेगळे, एवढी समज या छोट्या मतदारसंघाकडे तेव्हाच होती.

दोन जागा, दोन दिशा

त्यानंतरची यादी वाचली की गोव्याचा स्वभाव कळतो. १९६७ आणि १९७१ मध्ये मुरगावातून जॅक सिक्वेरांचे पुत्र इराज्मु सिक्वेरा गेले. पणजीतून १९६७ मध्ये जनार्दन शिंक्रे आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर गेले. काकोडकर हे मुक्तिलढ्यात पोर्तुगालला हद्दपारी भोगलेले गांधीवादी आणि अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांचे वडील. १९७७ मध्ये पणजीतून मगोचे अमृत कांसार आले, तर मुरगावातून काँग्रेसचे एदुआर्द फालेरो. फालेरोंनी मुरगाव ओळीने पाच निवडणुका राखला आणि केंद्रात राज्यमंत्री म्हणून परराष्ट्रासह अनेक खाती सांभाळली. पणजी मात्र दर वेळी माणूस बदलत राहिली : संयोगिता राणे, शांताराम नाईक, मराठी साहित्यिक गोपाळराव मयेकर, हरीश झांट्ये.

१९९९ पासून चित्र उलटले. उत्तरेत भाजपचे श्रीपाद नाईक २०२४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले आणि दक्षिण बदलती राहिली : रमाकांत आंगले, चर्चिल आलेमाव, फ्रान्सिस सार्दिन, नरेंद्र सावईकर, पुन्हा सार्दिन आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस. पणजी आणि मुरगाव ही नावे २००९ च्या निवडणुकीपासून उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा झाली. दोन्हींत वीस-वीस विधानसभा मतदारसंघ. नावे बदलली, स्वभाव राहिला. दोन्ही जागा एकाच पक्षाला देण्याचे प्रसंग मोजकेच आले. अनेकदा एक खासदार सत्तेच्या बाजूला आणि दुसरा विरोधात. कित्येक जण याला गोव्याचा दुबळेपणा म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. एवढ्याशा राज्यात दोन वेगळे अनुभव नांदतात आणि दोघांनाही दिल्लीत तोंड मिळते, हे लोकशाहीला धरूनच आहे.

राज्यसभेचे दार मात्र गोव्याला फार उशिरा उघडले. पुदुच्चेरी गोव्यासारखाच परकीय वसाहतीतून आलेला केंद्रशासित प्रदेश. त्याला राज्यसभेची जागा साठीच्या दशकाच्या आरंभीच मिळाली. गोव्याला पाव शतक थांबावे लागले. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले, तेव्हा ती एक जागा आली. त्याच पुनर्रचनेत दमण-दीव वेगळे होऊन त्यांना स्वतःची लोकसभेची जागा मिळाली आणि गोव्याच्या दोन कायम राहिल्या. त्या जागांवरच्या माणसांनी भाषेचा प्रश्नही दिल्लीत लावून धरला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोकणी आठव्या परिशिष्टात गेली.

दोघांनी काय होते?

१९९६ मध्ये उत्तरेतून मगोचे रमाकांत खलप आणि दक्षिणेतून युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे (युगोडेपा) चर्चिल आलेमाव निवडून आले. दोघेही प्रादेशिक पक्षांचे, आपापल्या पक्षाचे एकुलते एक खासदार. संयुक्त आघाडीच्या सरकारात खलप कायदा राज्यमंत्री झाले आणि सप्टेंबर १९९६ मध्ये महिला आरक्षणाचे पहिले विधेयक त्यांनीच लोकसभेत मांडले. दोन जागांच्या राज्यातला, एका खासदाराच्या पक्षाचा माणूस देशाच्या निम्म्या लोकसंख्येचा प्रश्न सभागृहापुढे ठेवत होता.

१७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. त्या लोकसभेत गोव्याचे दोन्ही खासदार, रवी नाईक आणि सार्दिन, काँग्रेसचे होते. त्या दिवशी लहान राज्यांतल्या प्रत्येक मताला मोठ्या राज्यातल्या मताइतकेच वजन होते.

एरवी मात्र संख्येचा धाक जाणवतो. म्हादईचे उदाहरण घ्या. बेळगाव जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी गोव्याची जीवनवाहिनी. तिच्या पाणीवाटपाच्या वादात एका बाजूला कर्नाटकाचे २८ खासदार, महाराष्ट्राचे ४८. दुसऱ्या बाजूला गोव्याचे दोन. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला आणि गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. निवाडा कोणालाच पुरता मान्य झाला नाही आणि वाद न्यायालयात गेला. तरी एवढे खरे की गोव्याची बाजू जिथे पुराव्यावर तोलली गेली तिथे ती ऐकली गेली. खासदारांच्या डोकेमोजणीत ती ऐकली गेली नसती.

खाणींचेही तसेच. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणींच्या सवलती रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा १९८७ चा कायदा केला तो संसदेने. गोव्याच्या अर्थकारणाची दिशा त्या कायद्याने ठरली. आपल्या जमिनीचा, पाण्याचा आणि किनाऱ्याचा निर्णय दिल्लीत होतो, हे सत्य गोव्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

जे अजून आत आले नाहीत

दोन जागांचा हा इतिहास अभिमानाने सांगताना त्यातली उणीवही सांगायला हवी. मुक्तीनंतर आजवर गोव्याने लोकसभेत एकच स्त्री पाठवली : १९८० मध्ये पणजीतून निवडून आलेल्या मगोच्या संयोगिता राणे. राज्यसभेत एकही नाही. महिला आरक्षणाचे पहिले विधेयक ज्या राज्याच्या खासदाराने मांडले, त्याच राज्याची ही स्थिती आहे.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला २००३ उजाडले. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १,४९,२७५ होती, राज्याच्या दहा टक्क्यांहून जास्त. तरीही चाळीस जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती, कारण मतदारसंघांची रचना जुन्या आकड्यांवर झालेली होती. त्यासाठीचे विधेयक २०२४ मध्ये लोकसभेत आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. या मातीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशांना आपल्याच विधानसभेत हक्काची जागा मिळवायला दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागली.

पुढे काय?

लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७६ पासून गोठवलेले आहे. ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे आणि ती जनगणना आता दाराशी येऊन ठेपली आहे. उत्तरेकडच्या राज्यांच्या जागा वाढतील आणि दक्षिणेचे वजन घटेल, ही चर्चा सर्वत्र आहे. लहान राज्यांचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

हिशोब सरळ आहे. २०११ च्या लोकसंख्येनुसार लोकसभेच्या एका जागेमागे देशात सरासरी बावीस लाखांहून अधिक माणसे येतात. गोव्यात सुमारे सव्वासात लाख. काटेकोर प्रमाण लावले तर गोव्याच्या वाट्याला एक पूर्ण जागासुद्धा येत नाही. गोव्याच्या दोन जागा टिकून आहेत त्या घटनेच्या ८१ व्या कलमातल्या एका सवलतीमुळे : साठ लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्यांना समप्रमाणाचा नियम लागू नाही. पण ही सवलत फक्त मोकळीक देते, किमान दोन जागांची हमी देत नाही. गोव्यासाठी घटनेत घातलेले ३७१-आय हे कलमही विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत एवढेच सांगते. लोकसभेबद्दल त्यात अक्षर नाही. नव्या संसद भवनात लोकसभेचे सभागृह ८८८ आसनांचे आहे. एकूण जागा वाढल्या आणि गोव्याच्या दोनच राहिल्या, तर आज अर्ध्या टक्क्याहून कमी असलेला वाटा आणखी आकसेल.

लहान राज्यांना मोठ्यांइतक्याच जागा द्या, असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक मताचे मूल्य समान असावे हे तत्त्व योग्यच आहे. पण भारत हा राज्यांचा संघ आहे. ज्या समाजाची भाषा, जमीन, कायदा आणि इतिहास वेगळा आहे, त्याला संसदेत ऐकू जाईल एवढा आवाज असणे हे संघराज्याचे कर्तव्य आहे. १९६६ मध्ये संसदेने डोकी न मोजता लोकांना विचारले आणि त्या निर्णयाने गोवा भारताशी अधिक घट्ट बांधला गेला. ती समज फेरवाटपाच्या वेळीही दाखवावी लागेल. लहान राज्यांना लोकसभेत किमान जागांची स्पष्ट हमी घटनेतच लिहिली गेली पाहिजे, आणि राज्यसभेत एकाऐवजी किमान दोन जागा मिळाल्या पाहिजेत. गोवा, सिक्कीम, मिझोराम, नागालँड, मणिपूर, मेघालय, त्रिपुरा, अरुणाचल या राज्यांनी ही मागणी एकत्र येऊन केली तर ती टाळणे कोणत्याही सरकारला जड जाईल.

ही मागणी खासदारांनी मांडायची आहे आणि त्यांच्याकडून ती मांडून घेण्याचे काम मतदारांचे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या प्रत्येक मतदाराने पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, एकच प्रश्न विचारावा : जनगणनेनंतर गोव्याच्या या दोन जागांसाठी तुम्ही संसदेत काय मांडणार आहात? त्याचे उत्तर ऐकूनच मत ठरवावे.